सहा महिने म्हणजे सहाच महिने

नवी मुंबईतल्या उलव्याला गेल्या काही वर्षांत भरभरून मिळालं. नोव्हेंबर 2018 मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंतच्या गाडीला हिरवा झेंडा मिळाला आणि त्याच दिवशी 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. डोंगर फोडून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून विमानतळ उभा राहिला. 8 ऑक्टोबर 2025 ला त्याचं उद्घाटन झालं आणि नाताळच्या दिवशी विमानं उडू लागली. याचा मला आनंद आहे. मी इथेच राहते, बामणडोंगरीला उतरते, या सोयी रोज वापरते.

आता एक वेगळी तारीख सांगते. फेब्रुवारी 2015. त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात महाराष्ट्रासाठी नायपर जाहीर झाली. नायपर म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय शिक्षण आणि संशोधन संस्था. इंजिनिअरिंगला जशी आयआयटी, तशी औषधशास्त्राला नायपर. देशात अशा सात संस्था चालू आहेत: मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद, कोलकाता, गुवाहाटी, हाजीपूर आणि रायबरेली. महाराष्ट्राची संस्था त्या भाषणातच राहिली. तेव्हा विमानतळाचं भूमिपूजनसुद्धा व्हायचं होतं, ते फेब्रुवारी 2018 मध्ये झालं. विमानतळ उभा राहिला आणि संस्थेची वीट बसली नाही.

यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही, पैशाचाही आहे. केंद्राने 2023 मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी 5,000 कोटींची योजना आणली. त्यातले 700 कोटी सात नायपरमध्ये उत्कृष्टता केंद्रं उभारण्यासाठी राखून ठेवले. आपल्याकडे नायपर नाही, म्हणून त्या 700 कोटींत आपला वाटाही नाही. मुंबईत औषध कंपन्यांची मुख्यालयं आहेत. तळोजा, पाताळगंगा, तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा ठिकाणी रसायन आणि औषधांचे कारखाने राज्यभर पसरलेले आहेत. अशा राज्याला अकरा वर्षांत एक संस्था पदरात पाडून घेता आली नाही. विमानतळाच्या नावासाठी इथली माणसं रस्त्यावर उतरली आणि ते योग्यच होतं. नायपरसाठी कुणा आमदार-खासदाराने घसा कोरडा केल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्या उलव्यात फार्मसीवाले पुष्कळ आहेत. बेलापूर-नेरूळची कॉलेजं गाडीने जवळ, तुर्भे-महापेच्या कंपन्या आवाक्यात, तळोजा आणि पाताळगंगेकडे कंपनीच्या बसगाड्या, आणि घरभाडं नेरूळपेक्षा कमी. त्यांतली पीएचडी करणारी व्यक्ती कोण असते? बहुतेकदा एम.फार्म. होऊन खासगी कॉलेजात शिकवणारी, तिशी ओलांडलेली, घरात एक मूल आणि एक सासू असलेली बाई. तिला घरात, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न विचारला जातो: "अजून झाली नाही का गं तुझी पीएचडी?"

तिचा दिवस एकदा जवळून बघा.

सकाळी दोन लेक्चर, दुपारी बी.फार्म.चं प्रॅक्टिकल, मधल्या वेळेत अ‍ॅडमिशनची नाहीतर तपासणीची कागदपत्रं. चारनंतर तिचं स्वतःचं काम सुरू होतं. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसाठी, मोबाइल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) बनवायची, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची, सोनिकेटरमध्ये ठेवून तिच्यातली हवा काढायची. मग पंप चालू करून कॉलम स्थिरावण्याची वाट बघायची, त्यात तास-पाऊण तास जातो. बेसलाइन सरळ आली की पहिलं सॅम्पल टोचायचं. एका रनला दहा मिनिटं धरा. सहा स्टँडर्ड, प्रत्येक तीनदा, म्हणजे तीन तास नुसत्या कॅलिब्रेशनला. खरं सॅम्पल अजून बाटलीतच आहे. तेवढ्यात पीकला शेपूट फुटते, म्हणजे चढलेली रेघ सरळ खाली न येता लांबत जाते. बफरचा पीएच चुकला असेल, कॉलम म्हातारा झाला असेल, नाहीतर सॅम्पलमध्येच काही आलं असेल. कारण सापडेपर्यंत त्या दिवसाचे आकडे टाकून द्यायचे. मशीन अख्ख्या कॉलेजात एकच, त्यावर एम.फार्म.च्या मुलांचा नंबर आधी. अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली संपली की खरेदीचा कागद तीन टेबलांवरून फिरतो, आणि पुष्कळदा ती कंटाळून बाटली स्वतःच्या पगारातून आणते. रात्री उशीर झाला की उरण मार्गावरच्या मोजक्या गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असावंच लागतं.

आणि मग स्टॅबिलिटी. तुम्ही गोळी, मलम, नॅनोपार्टिकल काहीही बनवलंत तरी ते टिकतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी ते 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवायचं. सुरुवातीला, तिसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात काढून तपासायचं. औषध पिवळं पडलं, त्याची ताकद घटली, गोळी विरघळेनाशी झाली, तर फॉर्म्युला बदलायचा आणि पुन्हा सहा महिने. यात कुणाची हुशारी चालत नाही, ओळख चालत नाही. चेंबर सहा महिने म्हणजे सहाच महिने घेतो. प्राण्यांवर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी, तिची बैठक होईपर्यंत थांबायचं. कॉलेजात नोंदणी झालेलं अ‍ॅनिमल हाउस नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या दारात उभं राहायचं. "अजून झाली नाही का" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. घाईने केलेलं औषध तुम्ही तुमच्या मुलाला द्याल का, असं तिने उलट विचारलं पाहिजे. ती सहसा हसून विषय बदलते, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

पैशाची तऱ्हा याहून वाईट. देशात पीएचडीच्या विद्यार्थ्याचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे जेआरएफ, कनिष्ठ संशोधकांची फेलोशिप. जानेवारी 2023 पासून ती महिना 37,000 रुपये झाली, पुढे एसआरएफची 42,000. ती मिळते मुख्यतः नेट परीक्षेतून. पण यूजीसी-नेटच्या विषयांत औषधनिर्माणशास्त्र नाही. सीएसआयआर-नेटमध्ये पाच विषय आहेत: रसायन, जीव, भौतिक, गणित आणि भूविज्ञान. तिथेही नाही. फार्मसीच्या मुलीला ही फेलोशिप हवी असेल तर तिने जीवविज्ञानाच्या किंवा रसायनशास्त्राच्या मुलांशी त्यांच्याच अंगणात स्पर्धा करायची. तिची स्वतःची परीक्षा जीपॅट. तिच्यावर एम.फार्म.ची दोन वर्षं महिना 12,400 रुपये मिळत आले, पीएचडीला ते मिळत नाहीत. त्यात मार्च 2024 मध्ये यूजीसीने पीएचडीच्या प्रवेशासाठीही नेटचे गुण धरायचं ठरवलं. ज्यांचा विषयच नेटमध्ये नाही त्यांनी विद्यापीठाच्या पेट परीक्षेची जाहिरात कधी निघते याकडे डोळे लावून बसायचं. ही चूक दुरुस्त करायला ना जमीन संपादन लागतं ना टेंडर. यादीत एक विषय वाढवायचा आहे.

राज्याचं सांगायचं तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांनी उपोषणं केली आहेत. डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपवर चर्चा चालू असताना, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत केला आणि गदारोळ झाला. मला तो सवाल तेव्हाही झोंबला होता. पण तो एका माणसाचा नव्हता. आपल्या सोसायटीच्या जिन्यातला प्रश्न सभागृहात पोहोचला, एवढंच त्या दिवशी झालं.

त्याचं उत्तर खाडीपलीकडे खारघरला आहे. तिथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. 4 जून 2021 रोजी तिथल्या बोन मॅरो विभागात भारतातला पहिला कार-टी पेशी उपचार झाला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जनुक घालून कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं, त्या वाढवायच्या आणि पुन्हा त्याच्याच शरीरात सोडायच्या. अमेरिकेत याचा खर्च काही कोटींत जातो. आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान विभागात आणि टाटामध्ये वर्षानुवर्षं काम होऊन तयार झालेल्या नेक्सकार-19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते उपचार खुला झाला, परदेशातल्या किमतीच्या लहानशा हिश्शात. तरीही तो लाखांत जातो आणि गरिबाला परवडत नाही, हेही खरं. पण ज्या हातांनी त्या पेशी वाढवल्या, त्यांत पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचे हात होते. मंजुरीच्या सहा आठवडे आधी त्यांनाही कुणीतरी "झाली का" म्हणून विचारलं असेल.

हे काम फार्मसी कॉलेजातलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मला तेच सलतं. आयआयटीत जे होऊ शकलं ते फार्मसीच्या कॉलेजात का होत नाही?

होत नाही, कारण कॉलेजांना पीएचडी हवी असते ती दारावरच्या पाटीसाठी. प्राचार्य व्हायचं, प्रोफेसर व्हायचं तर पीएचडी लागते. फार्मसी कौन्सिलने 2019 मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती, ती 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात फार्मसीचे बोर्ड लागले. प्रत्येक बोर्डामागे नावापुढे 'डॉ.' असलेली माणसं दाखवावी लागतात. मागणी अशी असली की पुरवठाही तसाच होतो. कर्क्युमिनचं जेल, कर्क्युमिनचे नॅनोपार्टिकल, कर्क्युमिनचे निओसोम... पदार्थ तोच, भांडं वेगळं. कारण ते स्वस्तात होतं, लवकर होतं आणि छापून येतं. हळदीशी माझं भांडण नाही. पण विषय ठरवताना कुठल्या रुग्णाची कुठली अडचण सुटणार आहे, हे विचारण्याआधी कॉलेजात कुठलं मशीन चालू आहे हे बघावं लागत असेल, तर दोष त्या मुलीचा नाही.

प्रबंधाच्या जाडीचंही तेच. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना 1933 मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटून बसल्या आणि आत गेल्या. 1939 मध्ये केंब्रिजने त्यांना जीवरसायनशास्त्राची डॉक्टरेट दिली ती अवघ्या 40 पानांच्या प्रबंधावर. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी दाखवलं होतं. आज आपल्याकडे तीनशे पानांचा सोनेरी अक्षरांचा ठोकळा लागतो, त्यातली शंभर पानं पुस्तकातून उचललेली ओळख असते. ती ओळख किती उचलली हे तपासायला सॉफ्टवेअर आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमाप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ठीक आहे. पण सॉफ्टवेअर वाक्य तपासतं. आकडा कोण तपासतं?

इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. औषध कंपनीत एचपीएलसीच्या संगणकावर ऑडिट ट्रेल असतो. कुणी, कधी, कुठलं सॅम्पल टोचलं, कुठला रन खोडला, कुठल्या पीकचं क्षेत्र हाताने बदललं, सगळं नोंदलं जातं. अमेरिकेचे निरीक्षक कारखान्यात येतात तेव्हा छापील अहवाल बाजूला ठेवून आधी तोच उघडतात. रॅनबॅक्सीने 2013 मध्ये अमेरिकेत गुन्हे कबूल करून 50 कोटी डॉलर भरले, त्या प्रकरणाच्या मुळाशी नियामकाला दिलेली खोटी माहिती होती. आणि विद्यापीठात? व्हायवाला बाहेरून परीक्षक येतात, प्रेझेंटेशन होतं, दोन-चार प्रश्न होतात, बुके दिला जातो, सगळे जेवायला जातात. मूळ क्रोमॅटोग्रामची फाइल उघडून दाखवा, असं म्हणणारे परीक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. प्रामाणिकपणे रात्री जागून आकडे काढणारी मुलगी आणि घरी बसून आकडे रचणारा माणूस यांना एकाच दिवशी एकच पदवी मिळते. तिच्यावरचा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, फेलोशिप न मिळण्यापेक्षाही मोठा. मग तोच माणूस कॉलेजात गाइड होतो, आणि त्याच्या हाताखाली शिकलेली मुलं कारखान्याच्या गुणवत्ता विभागात जातात.

हे घरातल्या औषधाच्या बाटलीपर्यंत येतं. जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयापासून औषध प्रशासन आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांची चिरफाड केली. त्याला 39 वर्षं झाली, आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. तमिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, 48.6 टक्के. मर्यादा 0.1 टक्का आहे. ते शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते आणि ती चालवणारा असा माणूस लागतो, ज्याला वाईट निकाल आला तर तो लिहायची सवय आहे. ही सवय लागण्याची जागा म्हणजे पीएचडीचं बेंच.

आपल्याकडे हे पूर्वी जमलं आहे. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत सिप्ला काढली. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, शिकून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून 1969 मध्ये पीएचडी झालेल्या अंजी रेड्डींनी 1984 मध्ये स्वतःची कंपनी काढली, ती हैदराबादेत. शिकवलं मुंबई-पुण्याने, कारखाने उभे राहिले तिकडे, आणि आज नायपरही तिकडेच आहे. 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या रीतीवर होतं. आपल्या कंपन्यांनी नव्या रीती शोधल्या आणि जगाला स्वस्त औषधं दिली. 2005 पासून पदार्थावरही पेटंट आलं. म्हणजे यापुढे नवीन रेणू स्वतः शोधावे लागणार, आणि ते काम दोन-तीन महिन्यांच्या ट्रेनिंगने होत नाही. तुर्भे-महापेच्या कंपन्यांकडे जी यंत्रं रात्री बंद असतात, ती शेजारच्या कॉलेजातल्या संशोधकाला ठरावीक दराने वापरू दिली तर कंपनीचं काय जाईल? तिच्या पुढच्या दहा वर्षांची माणसं तिथेच तयार होतील.

गव्हाण, वहाळ, कोंबडभुजे, तरघर या गावांनी विमानतळाला आणि शहराला जमिनी दिल्या. त्या घरांतल्या मुली आता बी.फार्म. होऊन बाहेर पडत आहेत. विमानतळावर नोकऱ्या हव्यात ही मागणी रास्त आहे, ती सोडू नये. पण त्यांतल्या एखादीला संशोधन करायचं असेल तर तिला "लग्नाचं वय जाईल" एवढंच ऐकवू नका.

आणि जी करायचं ठरवून बसली आहे तिला चार गोष्टी सांगते. नाव नोंदवण्याआधी गाइडला विचार, सध्या तुमच्याकडे किती विद्यार्थी आहेत? प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चार, यापुढे मुभा नाही. तुमच्या मागच्या विद्यार्थ्याला किती वर्षं लागली आणि तो आज कुठे आहे, हे विचार, आणि त्याचा फोन नंबर माग. एचपीएलसी स्वतः जाऊन बघ. चालू आहे का, शेवटचं सॅम्पल कधी टोचलं, लॉगबुकात नोंद आहे का. सॉल्व्हंटचे, कॉलमचे, प्राण्यांचे पैसे कोण देणार हे लेखी घे. बाळंतपणाची रजा 240 दिवसांची आहे आणि बाईला दोन वर्षांची वाढीव मुदतही मिळू शकते, 2022 च्या यूजीसी नियमात तसं लिहिलं आहे, तो नियम छापून जवळ ठेव. एवढे प्रश्न ऐकून गाइडच्या कपाळाला आठी पडली, तर आभार मानून बाहेर पड आणि दुसरा गाइड शोध.